घाट उतरण्याआधी गिअर ठरवा

कोकणात ये-जा करणारं कुणी भेटलं की मी एक प्रश्न हमखास विचारते: घाट उतरताना कितव्या गिअरला असता? बरेच जण क्षणभर थांबतात आणि मग सांगतात, "गिअर कशाला, गाडी आपोआप उतरते की. ब्रेकवर पाय ठेवायचा." काही जण तर अभिमानाने सांगतात की माथ्यावर गाडी न्यूट्रल केली की थेट पायथ्याशीच गिअर टाकतो, तेवढंच पेट्रोल वाचतं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. नोकरी चिंचवडला, काम ब्रेकच्या चाचण्यांचं. माहेर चिपळूणजवळचं, त्यामुळे पुणे, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट हा रस्ता पायाखालचा. दिवसभर जे टेस्ट बेंचवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या यंत्रावर, बघते तेच सुट्टीत रस्त्यावर समोरच्या गाडीच्या चाकांत होताना दिसतं, आणि जीव खालीवर होतो. म्हणून हे लिहितेय. आंबोली असो, ताम्हिणी, वरंधा किंवा वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी, सगळीकडे हेच लागू पडतं.

आधी हिशेब

घाटमाथ्यावर तुमची गाडी साधारण 600 मीटर उंचीवर उभी आहे आणि पायथ्याला जायचंय. पाच माणसं आणि सामान धरून वजन 1,500 किलो. एवढं वजन 600 मीटर खाली आणताना सुमारे 88 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या भाषेत जवळजवळ अडीच युनिट. एवढ्या उष्णतेत आंघोळीच्या दोन बादल्या पाणी, म्हणजे 30 लिटर, गार असताना ठेवलं तर उकळी फुटेल.

ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. 10 किलोमीटरचा उतार 40च्या वेगाने उतरलात तर टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून त्यातला पाव हिस्सा खातात. उरलेला पाऊण हिस्सा घ्यायला दोघेच आहेत: इंजिन किंवा ब्रेक. न्यूट्रल केलंत की इंजिन बाजूला झालं. आता सगळं ओझं चार चाकांतल्या ब्रेकवर, आणि त्यातही पुढच्या दोन डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्यांवर) जास्त, कारण उतारावर गाडीचं वजन पुढे येतं.

गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. हवा ओढणं, दाबणं, आतलं घर्षण, या सगळ्यात ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णता रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून बाहेर जाते. इंजिनाची सगळी रचनाच उष्णता बाहेर टाकण्यासाठी केलेली आहे. ब्रेकची रचना गाडी थांबवण्यासाठी केलेली आहे, अर्धा तास रोखून धरण्यासाठी नाही.

पेट्रोल वाचतं का?

नाही वाचत, उलट जास्त जातं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात या समजुतीला थोडाफार आधार होता. इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या आजच्या गाडीत मात्र गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला आणि इंजिन आयडलच्या बऱ्यापैकी वर फिरत असलं की गाडीचा संगणक पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंदच करतो. पेट्रोल शून्य. तुमच्या गाडीत त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारा आकडा असेल तर उतारावर बघा, तो शेवटच्या टोकाला जाऊन बसतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहायचं असतं. त्यासाठी छोट्या गाडीलाही तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर पेट्रोलही जाळायचं.

इंजिनच बंद करून उतरणारे त्याहून धोक्याचे. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला इंजिनातून व्हॅक्यूम मिळतो. इंजिन बंद झाल्यावर त्यात दोन-तीनदा ब्रेक दाबण्यापुरताच साठा राहतो, मग पॅडल घट्ट होतं आणि सगळ्या ताकदीने दाबलं तरी पुरत नाही. पॉवर स्टिअरिंगही जातं. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे. 2022च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना धडक दिली होती. तो उतार घाटाएवढा तीव्रही नाही.

कितवा गिअर?

आमच्या गावाकडचे एक एसटीचालक, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, त्यांचा नियम होता: ज्या गिअरने चढतोस त्याच गिअरने उतर. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत याहून नेमकं वाक्य मला कुणी सांगितलं नाही. जो चढ गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावा लागतो, त्याच उतारावर दुसरा गिअर गाडीला पुरेसा धरून ठेवतो.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. कुंभार्लीत माथा ओलांडून रस्ता खाली झुकू लागला की तिथेच वेग 30-35वर आणा, दुसरा टाका, क्लचवरून पाय पूर्ण काढा आणि पाय तिथून लांब ठेवा. क्लच दाबून ठेवणं म्हणजे न्यूट्रलच. वेग वाढल्यावर घाबरून खालचा गिअर टाकायला गेलात तर इंजिन एकदम किंचाळतं, पुढची चाकं झटका खातात, आणि ओल्या रस्त्यावर तो झटका महागात पडतो.

दुसऱ्या गिअरमध्ये 40चा वेग म्हणजे बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) 3,000च्या आसपास. आवाज येतो. तो ऐकून लोकांना वाटतं इंजिनावर ताण पडतोय. पडत नाही. धोक्याचा लाल पट्टा 6,000च्या पुढे असतो, ऑइल व्यवस्थित फिरत असतं, आणि आत स्फोट होत नसल्यामुळे इंजिन उलट थंडावत असतं. हा आवाज घाटात ऐकू आला की मला निवांत वाटतं.

ऑटोमॅटिकवाल्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचावं. डी मध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बऱ्याच गिअरबॉक्सना वाटतं चालकाला आरामात जायचंय, आणि ते वरचा गिअर टाकतात. एएमटी (साधा गिअरबॉक्सच, पण गिअर गाडी स्वतः टाकते) असेल तर एम मोडमध्ये जाऊन दुसरा धरून ठेवा. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) असेल तर एल किंवा एस. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा 2. गाडी घेतली त्या दिवशी शोरूममधल्या मुलाने हे दाखवलेलं नसतं, त्यामुळे मॅन्युअल उघडून सपाट रस्त्यावर एकदा करून बघा. मोठ्या एसयूव्हीत हिल डिसेंट कंट्रोलचं बटण असतं. ते चिखलाच्या, खडबडीत उतारासाठी आहे. ते स्वतःच ब्रेक लावत असतं, त्यामुळे डांबरी घाटात त्याच्या भरवशावर राहिलात तर ब्रेक तापायचे ते तापणारच.

स्कूटरवाल्यांनाही एक सांगायला हवं. स्कूटरचा क्लच वेग कमी झाला की आपोआप सुटतो, आणि तो सुटला की इंजिनचा अटकाव शून्य. उतारावर अगदी हळू, थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून ब्रेक घासत येणं म्हणजे ड्रम ब्रेक तापवणं. थ्रॉटल किंचित उघडून क्लच पकडू द्या, दोन्ही ब्रेक मिळून वापरा, आणि मध्ये चहाला थांबा.

ब्रेक कसा लावायचा

गिअर बरोबर असला तरी ब्रेक लागतोच. पाय टेकवून ठेवू नका. वळण दिसलं की सरळ रस्त्यावरच ठामपणे दाबा, 40चे 25 करा, पूर्ण सोडा, आणि वळण न दाबता घ्या. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: सरासरी वेग तोच ठेवलात तर थांबून-थांबून दाबल्याने एकूण उष्णता कमी होत नाही. फायदा असा की मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो, तिला दाबून धरणारे पॅड सुटे होतात, आणि चालकाला प्रत्येक वेळी पॅडल कसं लागतंय ते कळतं. उष्णता खरोखर कमी करतो तो गिअरच.

ब्रेक तापून निकामी होतात ते दोन वेगळ्या तऱ्हांनी, आणि त्या पायाला वेगवेगळ्या जाणवतात. हे मी बेंचवर इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटूनही सांगता येईल.

पहिल्यात पॅड तापतात. पॅडमध्ये रेझिन असतं, ते प्रमाणाबाहेर तापलं की पकड जाते. पॅडल नेहमीसारखं घट्ट लागतं, पण गाडी पूर्वीसारखी थांबत नाही, आणखी जोर लावावा लागतो. सोबत उग्र जळका वास येतो. बेंचच्या खोलीतले दिवे घालवले तर अशा वेळी डिस्कची कड काळपट लाल दिसते, म्हणजे 500 अंशांच्या वर. रस्त्यावर तुम्हाला ती दिसत नाही, फक्त वास येतो. वास आला की पहिल्या रुंद जागी थांबा, बॉनेटकडे बघत बसू नका, चाकांना वारा लागू द्या. पाणी ओतू नका, डिस्क वाकते. वीस मिनिटांत पकड बरीचशी परत येते.

दुसऱ्यात ब्रेक ऑइल उकळतं. ही जास्त भयंकर, कारण आधी काही इशाराच मिळत नाही. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडलचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पाय तळाला लागतो. ब्रेक ऑइलच्या दर्जांपैकी नवीन डॉट 3 ऑइल 205 अंशांच्या आधी उकळू नये आणि डॉट 4 ऑइल 230च्या आधी, असं मानक आहे. पण हे ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की हेच आकडे 140 आणि 155वर येतात. कोकणातल्या हवेत गाडी उभी राहत असेल तर दोन वर्षांत ऑइल बदला, गाडी कितीही कमी चाललेली असू दे. एका गॅरेजवाल्याने मला डबीतली पातळी दाखवून "मॅडम, ऑइल फुल आहे" असं ठणकावून सांगितलं होतं. पातळीवरून पाणी कळत नाही. ते कळायला पेनासारखं टेस्टर मिळतं, ते ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जा. आणि पातळी कमी झालेली दिसली तर नुसती वर भरून घेऊ नका, आधी पॅड बघायला सांगा. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि डबीतली पातळी उतरते. नवा पॅड 10 मिलिमीटरच्या आसपास असतो, 3वर आला की बदलायचा.

पॅडल तळाला गेलंच तर सोडून भराभर दाबा, दोन-तीन झटक्यांत थोडा दाब परत येतो. त्याच वेळी गिअर एकेक करून खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नाही. इंजिन बंद करू नका. हॉर्न आणि हेडलाइट चालू ठेवा. तरीही वेग आवरत नसेल तर डोंगराकडच्या बाजूला गटाराला, मातीला गाडी घासवत न्या. पत्रा जाईल, जाऊ दे.

टायर

बाजूवर चार आकडे एका लांबट चौकटीत कोरलेले असतात. 2322 असेल तर 2022 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षं उलटलेला टायर कितीही नवा दिसला तरी मी त्याच्यावर पावसाळ्यात घाट उतरत नाही. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरवर, आणि तीच कायद्याची किमान मर्यादा. पावसासाठी ती मला फार कमी वाटते. 3 मिलिमीटरला बदला. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून सावरता येतं, मागची घसरली तर गाडी गरकन फिरते.

हवा गार टायरमध्ये, निघण्याआधी तपासा. घाटात टायर तापून तीन-चार पीएसआय वाढतातच, ती हवा काढू नका. नायट्रोजनसाठी जादा पैसे देऊ नका, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

धुकं, काच आणि स्क्रीन

जुलैत आंबोलीत किंवा कुंभार्लीत काच धुरकट होते तेव्हा बहुतेक जण घाबरून एसीची बटणं वाटेल तशी फिरवतात. आधी आतून काचेवर बोट फिरवा. रेघ उमटली तर वाफ आतली आहे: एसी चालू, हवेचा झोत काचेवर, आणि हवा बाहेरून घेण्याचं बटण. रेघ उमटली नाही आणि वायपरने पुसल्यावर परत काच धूसर होत असेल तर वाफ बाहेरची आहे, एसीने काच जास्त गार झाल्यामुळे आलेली. मग झोत काचेवरून काढा आणि तापमान वाढवा. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून बोट फिरवणं महत्त्वाचं.

आता या सगळ्यासाठी टचस्क्रीनवर तीनदा बोट मारायला लागत असेल तर ती गाडी घाटातल्या माणसाने बनवलेली नाही एवढं नक्की. तापमान, झोत आणि पंखा या तिन्हींना हाताला लागणारी गोल बटणं हवीत, रस्त्यावरची नजर न काढता फिरवता येतील अशी. गाडी घेताना मी सनरूफच्या आधी हे बघते. लेन असिस्ट, म्हणजे पट्टे बघून स्वतःच स्टिअरिंग वळवणारी सोय, घाटात बंद ठेवा. पांढरे पट्टे पुसलेले असतात आणि दरडीतून आलेला धोंडा चुकवताना स्टिअरिंग उलट बाजूला ओढलं गेलेलं मला चालत नाही. क्रूझ कंट्रोलही नको. नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्या, अर्ध्या घाटात रेंज नसते. आणि पावसाळ्यात वरंधासारखा घाट बंद आहे का ते निघण्याआधी विचारा, नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, दरड कोसळल्याचं त्याला उशिरा कळतं.

धुक्यात लो बीम. हाय बीमचा उजेड धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. 2017च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही हे लिहिलेलं आहे, आणि कारण साधं आहे: चढावर थांबलेल्या भरल्या ट्रकला परत उठायला क्लच जाळावा लागतो, तुम्हाला फक्त ब्रेक सोडायचा असतो. कापलेल्या कड्याखाली गाडी लावून धबधबा बघत बसू नका. मागे बसून मोबाइल बघणाऱ्याला उलटी होणारच, त्याला पुढे बसवा, लांब बघायला सांगा, तोंडात आलेपाकाची वडी द्या.

बॅटरीची गाडी

भाच्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि पहिल्याच खेपेला फोन केला, "मावशी, वर होतो त्यापेक्षा खाली आल्यावर चार्ज जास्त आहे!" असतोच. वरच्या हिशेबातल्या अडीच युनिटांपैकी एखादं युनिट तरी मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत परत भरते आणि ब्रेक गार राहतात. घाटासाठी मला याहून चांगलं तंत्र माहीत नाही. या परत भरण्याला रीजन म्हणतात, त्याची पातळी सर्वांत वरची ठेवायची. फक्त घाटमाथ्यावर चार्जिंग करून 100 टक्क्यांवर उतरू नका. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही, मग गाडी रीजन कमी करते आणि सगळा भार परत साध्या ब्रेकवर येतो. 80-85 टक्क्यांवर प्लग काढा, थोडी भर घाटच घालेल.

पायथ्याशी

पोफळीला उतरल्यावर लगेच करकचून थांबून हँडब्रेक ओढू नका. दोन किलोमीटर हळू जा, ब्रेक न लावता, डिस्क निवतात. मग टपरीवर थांबाल तेव्हा चारही चाकांजवळ तळहात धरून बघा, रिमला हात न लावता. पुढची दोन मागच्यांपेक्षा गरम लागणारच. पण पुढच्या दोघांतलं एकच जास्त तापलेलं असेल, किंवा मागचं एखादं पुढच्याहून गरम असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) किंवा ड्रममधला लायनर अडकलेला असू शकतो. चिपळूणला पोहोचल्यावर फिटरला तेच चाक उघडायला सांगा, परतीचा घाट चढण्याआधी.